लुसेरोचा पाचवा तारा

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलं चित्र पुढे सरकवलं. दिग्ना आईच्या खुर्चीमागे उभी होती. मधे एक शब्दही बोलायचा नाही, असं तिला आधीच बजावलं होतं.

"एरमिनियाबाई, हे काय आहे?"

"सुलतान," आई म्हणाली.

चित्र दाढीच्या पात्याचं होतं. डॉक्टरीणबाईंनी वहीत फुली मारली.

"बरं, याचं काय करतात?"

"पुरुष दाढी करतात, बायका शिवण उसवतात. तुमच्याकडे काय करतात?"

पुढचं चित्र ओटच्या डब्याचं होतं. आई म्हणाली, "कॅपिटान."

"कॅपिटान म्हणजे जहाजावरचा?"

"जहाज कुठून आलं मधेच? दुधात शिजवायचा, वर दालचिनी टाकायची. पोट बिघडलं असेल तर मात्र दूध नको."

आणखी एक फुली. फ्रिजला आई 'पोलार' म्हणाली, टूथपेस्टला 'मार्फिल'. कपडे धुवायच्या पावडरीचं खोकं दिसलं तेव्हा तर तिचा चेहराच खुलला. "लुसेरो!" ती म्हणाली, जुनी मैत्रीण भेटावी तशी. फुल्यांवर फुल्या पडत गेल्या.

गेल्या महिन्यात आईनं गॅसवर केळी उकडायला ठेवली आणि ती अंगणात जाऊन बसली. पाणी आटलं, पातेलं काळंठिक्कर पडलं. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या चेपेनं धावत येऊन गॅस बंद केला आणि राजधानीत दिग्नाला फोन लावला. दिग्ना तिथं शाळेत शिकवायची. तिच्या घरात आईसाठी खोली होती, खाट होती, सगळं होतं. पण वडील गेले तेव्हा त्यांचा हात हातात घेऊन तिनं शब्द दिला होता, की आईला या घरातून कुणी हलवणार नाही. आईही काही कमी हट्टी नव्हती. "डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं तर येते," तिनं सुनावलं होतं, "नाहीतर परत माझ्यापुढे हा विषय काढायचा नाही." म्हणून ही वीस प्रश्नांची परीक्षा. आईनं एकटीनं राहायचं की नाही, ते आता त्या वहीवर ठरणार होतं.

"वीसपैकी नऊ," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाईट वाटतं, पण रोजच्या वस्तूंची नावंही त्यांना आठवत नाहीत."

दिग्नाला आता राहवेना. "बाई, तुम्ही कुठल्या?"

"स्पेनची. इथं येऊन दोन आठवडे झाले."

"तरीच! चला माझ्याबरोबर. इथंच, रस्त्यापलीकडे."

माणूस समुद्र ओलांडून येतो, भाषा एकच म्हणून इथल्या लोकांची डोकी तपासायला बसतो, पण इथं साबणाला काय म्हणतात ते कुणाला विचारत नाही. याला काय म्हणावं! दिग्नानं डॉक्टरीणबाईंना जवळजवळ ओढतच चेपेच्या दुकानात नेलं आणि तांदळाच्या पोत्याशेजारी उभं केलं. "फक्त ऐका," ती म्हणाली.

टोपीवाला एक म्हातारा आत आला. "चेपे, लुसेरो दे रे."

"कुठल्या कंपनीचा?"

"पिवळ्या खोक्यातला. हिरव्यानं बायकोचे हात सोलवटतात."

"आणि कॅपिटान?"

"तो दे, पण गेल्या वेळेसारखा किड्यांसकट नको. त्यांचे वेगळे पैसे लावले नाहीस, एवढे उपकार झाले!"

"अहो, मांसाहार फुकट दिला तुम्हाला," चेपे म्हणाला. डॉक्टरीणबाईंचं तोंड उघडंच राहिलेलं पाहून तो गल्ल्यावरून पुढे वाकला. "बाई, इथं ज्या कंपनीचा माल पहिल्यांदा आला, तिचं नाव त्या वस्तूला चिकटलं ते चिकटलंच. लुसेरोचा कारखाना बंद पडून तीस वर्षं झाली. पण आख्खं गाव अजून लुसेरोनंच कपडे धुतं."

डॉक्टरीणबाई हसू लागल्या, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तिथंच गल्ल्यावर वही ठेवून त्यांनी एकेक फुली खोडली. अठरा झाले. उरलेल्या दोन फुल्यांवर मात्र त्यांचं बोट थांबलं.

"वार चुकला त्यांचा. आणि साल. साल बरंच मागचं सांगितलं त्यांनी."

"तिला सालाचं काय करायचंय?" दिग्ना म्हणाली. "तिच्या कोंबड्या काय कॅलेंडर बघून अंडी घालतात?"

चेपे हसला, डॉक्टरीणबाईही हसल्या आणि त्यांनी कागदावर सही केली. एरमिनिया पेराल्ता एकट्या राहू शकतात, असं त्यावर लिहिलं होतं. दिग्नानं तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. वडिलांना दिलेला शब्द पाळला गेला, या विचारानं तिला रस्ताभर हलकं वाटत होतं.

घरी आल्याबरोबर आईनं बादलीत चादरी भिजवायला काढल्या. "लुसेरो संपलाय," ती म्हणाली. दिग्ना उड्या मारतच गेली आणि पिवळं खोकं घेऊन आली.

आईनं खोकं हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं, खालून पाहिलं.

"हा नव्हे, पोरी."

"मग कुठल्या कंपनीचा हवा राणीसाहेबांना?"

"लुसेरो, लुसेरो. ताऱ्याचा. यावर तारा कुठंय?"

दिग्ना अजून हसतच होती. आईनं खणातून कात्री काढली आणि खोक्याचा वरचा उजवा कोपरा चौकोनी कापला. मग पलंगाखाली वाकून तिनं बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा ओढून काढला.

"चार झालेत," ती म्हणाली. "पाचवा मिळाला की कंपनी कप देते, चिनीमातीचा. तुझे बाबा त्या पत्र्याच्या मगानं कॉफी पितात. रोज ओठ भाजतात त्यांचे, पण बोलतील तर शपथ."

डब्यात तळाशी चार निळे तारे होते, विटलेले. ते दिग्ना ओळखत होती. आठ वर्षांची असताना तिनंच ते कापले होते, जीभ बाहेर काढून, कडा बिघडू न देता. पाचवा मिळायच्या आत कारखाना बंद पडला. बाबा हसले होते आणि मरेपर्यंत त्याच मगानं कॉफी प्यायले होते. आणि त्या चार ताऱ्यांवर डबा गच्च भरेपर्यंत चौकोन होते. पिवळे, हिरवे, लाल. एकावर अर्धं फूल, एकावर कुणा बाईचं कपाळ, एकावर नुसत्या काळ्या रेघा. पन्नास तरी असतील. सगळे वरच्या उजव्या कोपऱ्यातले, सगळे नीट कापलेले.

"हे सगळे खोटे निघाले," आई म्हणाली आणि आजचा चौकोन तिनं वर ठेवला. "हल्ली फार फसवतात."

दिग्ना खाली जमिनीवरच बसली. गावातलं प्रत्येक माणूस लुसेरो मागत होतं, म्हणून आईही इतके दिवस त्यात खपून गेली होती. गाव जे मिळेल ते घेऊन घरी जात होतं. आई मात्र खरोखरचा लुसेरो शोधत होती. आणि हे न कळता दिग्ना भर दुकानात भांडली होती, कोंबड्यांवर विनोद केला होता. ती जिंकली होती आणि त्या जिंकण्याची तिला आता मनस्वी लाज वाटली.

तिनं आईचा हात धरला. कात्रीचा वळ बोटावर पक्का उमटला होता.

"आई, राजधानीत मिळतो ताऱ्याचा."

"खरंच?"

"मोठ्या दुकानात. माझ्या घराजवळ."

आपण आईशी धडधडीत खोटं बोलतोय, हे दिग्नाला कळत होतं.

जी बाई मुलीचं, शेजाऱ्यांचं, पाद्रीबुवांचंही ऐकत नव्हती, ती पटकन उठली. "मग बसलीस काय? उशीर झाला तर दुकान बंद करतील." तिनं चर्चला जायचा निळा झगा घातला, केसांना पाणी लावलं आणि डबा छातीशी धरला. दिग्नानं तिचे बाकीचे कपडे, औषधं, वहाणा एका पेटीत भरल्या. इतके कपडे कशाला, असं आईनं विचारलं नाही. पर्समधला कागद दिग्नानं काढला आणि चुलीत घालायच्या रद्दीवर ठेवला.

बाहेर पडताना आईनं स्वतः कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. मग किल्ली दाराजवळच्या कुंडीखाली सरकवली.

"बाबा येतील ना संध्याकाळी. बाहेर तिष्ठत बसायला नको त्यांना."

दिग्नानं पेटी उचलली आणि ती आईच्या मागोमाग बसथांब्याकडे चालू लागली. किल्ली तिनं तिथंच राहू दिली.