पाल्य शाळेत असेपर्यंत

दाखल्याचा अर्ज मी ईश्वरप्पांच्या टेबलावर ठेवला, आणि त्यांनी तो उचलण्याआधीच सयाजीभाऊंनी त्यावर पंजा ठेवला. ईश्वरप्पा शाळेचे हेडक्लार्क, सयाजीभाऊ आमच्या पालक संघाचे अध्यक्ष आणि मी सचिव. हा कागद पुढे सरकला तर काय होईल, हे तिघांनाही ठाऊक होतं.

“इंद्रायणीताई, येवढं वरीस थांबा की,” भाऊ म्हणाले. “पोरीचा दाखला निघाला की तुमी सचिव न्हाय. तुमी न्हाय तर अर्ज न्हाय. समदं पयल्यापासनं.”

ते खोटं बोलत नव्हते. आमच्या शाळेत चारशे मुली आणि त्यांच्यासाठी तीन स्वच्छतागृहं, त्यातल्या एकाला दार नाही. माझी ज्ञानदा पाचवीपासून पाण्याची बाटली भरून न्यायची आणि भरलेलीच परत आणायची. सगळ्याच मुलींचं तसं. होटगी रोडवरच्या एका टॉवेलवाल्या कारखानदाराने नवी इमारत बांधून द्यायचं कबूल केलं, पण अट घातली. संघ रीतसर नोंदलेला हवा आणि त्याला आयकराचं ८०जी हवं, म्हणजे देणगीवर त्यांना सवलत मिळेल. मार्चच्या आत कागद द्या, नाहीतर ही रक्कम मी दुसरीकडे देईन, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

मी कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये टायपिंगला बसते. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, नावातले बदल. त्यामुळे कागद म्हटला की सगळे माझ्याकडे बघतात. संघाची घटना मीच लिहिली. धर्मादाय कार्यालयातल्या नोंदणीला दीड वर्ष गेलं. आता आयकराचा अर्ज आत होता आणि त्यावर सही माझी, मोबाइल माझा, ओटीपी येणार तोही मलाच.

आणि घटनेतला नियम सात माझाच. ‘पाल्य शाळेत असेपर्यंतच पालकास पदावर राहता येईल. पाल्याने शाळा सोडताच पद रिक्त होईल.’ आधीच्या समितीत एक गृहस्थ होते. त्यांची नातवंडं शाळेतून जाऊन नोकरीला लागली तरी ते खुर्ची सोडत नव्हते. असं पुन्हा होऊ नये म्हणून मी हौसेने नियम लिहिला, आणि त्यात पहिली मीच सापडले.

ज्ञानदाला दहावीला एक्क्याण्णव टक्के होते. पुण्याच्या तंत्रनिकेतनात सिव्हिलच्या डिप्लोमाला पहिल्याच फेरीत तिचा नंबर लागला होता. दाखला घेऊन सोमवारी पाचच्या आत हजर व्हायचं होतं. आमच्या शाळेला अकरावी-बारावी आहे. ती इथेच अकरावीला बसली असती, तर माझं पद राहिलं असतं. ईश्वरप्पा चष्मा पुसत म्हणाले की अकरावी सायन्सही काही वाईट नाही, पोरगी हुशार आहे, कुठेही चमकेल. दुसऱ्याच्या पोरीबद्दल माणसं फार उदार होतात.

मी अर्ज परत घेतला.

घरी आल्यावर मी ज्ञानदाला सगळं नीट सांगितलं. ती दोरीवरचे कपडे काढत होती. सगळं ऐकून तिने एकच विचारलं.

“दुसरा काहीच मार्ग नाही का गं?”

“नाही,” मी म्हणाले. लगेच म्हणाले.

ती रडली वगैरे नाही. सोमवारी संध्याकाळी पाच वाजता तिने घड्याळाकडे पाहिलं आणि मटकी निवडायला बसली. पुढच्या आठवड्यात ती त्याच शाळेत, त्याच जिन्याने वरच्या मजल्यावर अकरावीच्या वर्गात जाऊन बसली. तिच्या वर्गातल्या दोघी पुण्याला गेल्या. त्यांचे फोटो मोबाइलवर आले की ती बघायची, मग मोबाइल उपडा ठेवायची.

दिवाळीनंतर ८०जीचा कागद आला. संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उंचावलेल्या अंगठ्यांचा आणि फुलांच्या हारांचा पाऊस पडला. भाऊंनी मोहोळहून पेढे आणले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “ह्या बाईनं पोटच्या पोरीचं वरीस दिलं.” टाळ्या वाजल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि लोकांना तो माझा विनय वाटला.

फेब्रुवारीत इमारत उभी राहिली. दहा स्वच्छतागृहं, सगळ्यांना दारं, आतून कड्या. ज्ञानदा आता बाटली रिकामी आणते. हे मी माझं समाधान म्हणून सांगत नाही. घडलं ते सांगते.

मिळालेली मान्यता तात्पुरती होती, कायमच्या मान्यतेसाठी पुन्हा अर्ज करायचा होता. त्याला घटनेच्या प्रती लावायच्या म्हणून एका शनिवारी ज्ञानदा शेडमध्ये मदतीला आली. मी एका माणसाचा भाडेकरार टाइप करत होते, ती घटनेच्या पानांवर क्रमांक घालत होती. अकराव्या पानावर तिचा हात थांबला. भाडेकरारवाला गेल्यावर तिने वाचून दाखवलं. “‘पद रिक्त होत असल्यास सर्वसाधारण सभा दोनतृतीयांश मतांनी त्या पदाधिकाऱ्यास एक वर्षाची मुदतवाढ देऊ शकेल.’ हे तूच लिहिलंयस ना?”

“हो.”

त्या पानाखाली सात जणांच्या सह्या होत्या. एकानेही घटना वाचली नव्हती. भाऊंनी तर प्रत्येक पानावर फक्त सही कुठे करायची तेवढंच विचारलं होतं. इंद्रायणीताईंनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असं म्हणून सगळे मोकळे झाले होते. वाचलेलं होतं ते मी एकटीने.

“तेव्हा आठवलं नव्हतं का?” ज्ञानदाने विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. रोज इतके कागद हाताखालून जातात, एखादा नियम विसरणं सहज आहे. तिने विश्वासही ठेवला असता. पण मला आठवलं होतं. भाऊंचा पंजा अर्जावर होता त्याच क्षणी आठवलं होतं. रविवारी एक सभा, साठ-सत्तर हात वर, सोमवारी पोरगी पुण्यात. एवढंच होतं. पण ज्ञानदाचे बाबा वारल्यापासून सहा वर्षं आम्ही रात्री दोघीच समोरासमोर जेवतो. त्यातलं एक ताट उचलायची माझी हिंमत झाली नाही. सगळे मला अडवत होते आणि मी अडवून घेतलं.

“आठवलं होतं,” मी म्हणाले.

ज्ञानदाने मान खाली घातली. पानाच्या कोपऱ्यात वळणदार अक्षरात अकरा लिहिलं, मग पुढच्या पानावर बारा. शेवटपर्यंत क्रमांक घालून झाल्यावर तिने कडा सारख्या केल्या आणि टाचणी लावली.

“किती प्रती काढायच्या?”

“तीन.”

झेरॉक्सचं दुकान रस्त्याच्या पलीकडे आहे. रस्ता ओलांडण्याआधी ती नेहमी एकदा मागे वळून माझ्याकडे बघते, लहानपणापासूनची सवय. त्या दिवशी तिने दोन्हीकडची वाहनं पाहिली आणि सरळ पलीकडे गेली.