पडद्यामागचा मासा

जिनिंगमध्ये कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यापाशी सोळा वर्षं उभ्या राहिलेल्या बाईला हळू बोलता येत नाही. यंत्राची धडधड एवढी, की शेजारणीला पाणी मागायचं तरी ओरडावं लागतं. मग घरी, दवाखान्यात, मयतीलासुद्धा तोच आवाज निघतो. दिग्रसच्या सत्यशीलेचं तसंच झालं होतं. तिची मैत्रीण सुग्राबी तर तिच्याहून चार पट्ट्या वर.

दोन हजार सहाचा फेब्रुवारी होता. कापसाचा भाव असा पडला होता, की गाड्या बाजारात यायच्या, भाव ऐकायच्या आणि बैलांची तोंडं फिरवून आल्या वाटेनं परत जायच्या. कापूस नाही म्हटल्यावर रेचे बंद. त्या मंगळवारी दोघी डबे घेऊन फाटकाशी पोचल्या, तर चौकीदारानं लांबूनच हात हलवला.

"बंद हाय! उद्या या!"

सत्यशीला माघारी वळली. घरी गोधड्यांचा ढीग धुवायला पडला होता. सुग्राबीनं तिचा दंड धरला.

"कुठी चालली वं?"

"घरी."

"घरी गेली की घर आंगावर येते. काम बंद हाय तं बंद ठेव नं! चाल, मासे पाह्यले जाऊ."

बसस्टँडामागच्या मैदानात तीन दिवसांपासून एक मंडप लागला होता. 'सात समुद्रांचे मासे' असं तिथला पोंगा सकाळपासून बोंबलत असायचा. दोघी आत शिरल्या. काचेच्या पेट्यांची रांगच रांग, वर पिवळे दिवे, आत बुडबुड्यांच्या नळ्या. सोनेरी मासे, काळे मासे, पंख्यासारख्या शेपटीचे मासे. सुग्राबी एका गुबगुबीत माशापुढे थबकली.

"सत्या, हा पाय! डिट्टो आपला मुकादम. तोंड उघडते, बंद करते, सांगत काहीच नाही."

सत्यशीला हसता हसता खाली बसली.

मंडपाच्या टोकाला काळा पडदा होता. त्याच्यावर पाटी: 'ॲमेझॉनचा राक्षस'. त्याचं तिकीट वेगळं. दोघींनी तेही काढलं. आत अंधार, एकच लाल दिवा आणि दहा-बारा माणसं दाटीवाटीनं उभी. मंडपाचा मालक देवसिंग हातात छडी घेऊन सांगत होता, की हा मासा अख्खं हरीण गिळतो, याच्या नजरेला नजर देऊ नका. पेटीच्या तळाशी एक लांबोडका काळपट मासा निपचित पडला होता. सत्यशीला वाकली. तिनं त्याचं डोकं पाहिलं, अंगावरचे पट्टे पाहिले आणि सुग्राबीच्या कानात कुजबुजली. निदान तिला तरी ती कुजबूजच वाटली.

"अवं माय, हे तं मरळ हाय!"

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. मग एक जण म्हणाला, "मले बी तसंच वाटून राह्यलं होतं." दुसरा म्हणाला, "हे तं मी रविवारी खाल्लं." तिसऱ्यानं पैसे परत मागितले आणि मग सगळ्यांनीच मागितले. देवसिंगच्या हातातली छडी लोंबू लागली.

सत्यशीलेला आपण काय करून बसलो ते कळलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. सुग्राबी मात्र पुढं झाली.

"काहून कल्ला करता? खरा मासा तं अजून यायचाच हाय! सायंकाळी या, याच तिकिटावर पाहा."

सुग्राबी एवढ्या खात्रीनं बोलली, की माणसं कुरकुरत का होईना, बाहेर पडली. पडदा पडला. देवसिंग स्टुलावर मटकन बसला.

"याडी!" तो म्हणाला. वेळ अशी आली की बंजाऱ्याच्या तोंडून आईचंच नाव निघतं. "काय सांगितलं तुमी हे मावशी? कुठून आणू मी खरा मासा?"

हळूहळू त्यानं सगळं सांगितलं. पुसदजवळच्या तांड्याचा गडी, पुण्याला माशांच्या दुकानात आठ वर्षं कामाला होता. मालकानं दुकान मोडलं तेव्हा त्यानं पेट्या घेतल्या आणि गावोगाव निघाला. विलायती मासा खराच होता. पण येताना आर्णीच्या रस्त्यावर पंपाची बॅटरी गेली आणि पाठोपाठ मासाही गेला. पोंग्यातून गावभर सांगून झालं होतं. म्हणून बाजारातून ही मरळ आणली. तिच्या जबड्याला गळाची जखम होती. तीही आता दोन तासांची सोबती.

"म्या हरीण म्हणायले नको होतं," तो म्हणाला. "बकरी म्हणायले पायजे होतं."

सत्यशीला पेटीतल्या माशाकडे बघत होती. तिचं माहेर अरुणावतीच्या काठचं. आठ वर्षांची असल्यापासून थोरल्या भावाबरोबर तिनं गळ टाकलेला. लग्न झालं, जिनिंग लागलं, पुढं नदीवर धरण झालं, आणि गळ हातातून गेला तो गेलाच.

"जित्ती मरळ पायजे तं आणता येते," ती म्हणाली. "दोन हात लांब. तुह्या पेटीत मावन का पाय आधी."

देवसिंग उठून उभा राहिला. सुग्राबीनं लगेच बोट वर केलं.

"फुकट नाही. एक तं पाटी खरी लिहायची. आन् दुसरं, जिनिंगच्या साऱ्या बायाइले बिनातिकिटाचं."

"किती बाया?"

"चाळीस."

देवसिंगनं डोळे मिटले आणि मान डोलावली.

बाजारातून दोरी आणि गळ घेतले, देवसिंगची झाकणाची बादली घेतली, आणि दोघी काळी-पिवळी जीपनं धरणाच्या मागच्या अंगाला उतरल्या. काठावर गवत होतं, उथळ पाणी, शेवाळ. मरळ अशाच जागी दबा धरून बसते. सत्यशीलेनं बेशरमाच्या झुडपातली एक लांब काठी मोडली, लुगडं खोचलं, चिखलात हात घालून एक बेडूक काढला आणि सुग्राबीपुढं धरला.

"धर जरा."

सुग्राबीची किंकाळी पलीकडच्या काठावर ऐकू गेली. तिकडचे बगळे उडाले. मग तिनं बेडकापासून वीस पावलांवर बैठक मारली आणि तिथून बोलू लागली. जावईबापूंचा गुडघा, पिठाची गिरणी, लेक फरहाच्या शाळेतली भानगड, सगळं.

"सुग्रा, मासे आयकतात वं."

"आयकू दे नं. मी का त्याइच्या चहाड्या सांगून राह्यली?"

तास गेला. एक खेकडा आला, बेडूक खाऊन गेला. दुसरा बेडूक लावला, तो स्वतःच सुटून गेला. तिसरा लावून दोघींनी डबे उघडले आणि भाकर खाल्ली. ऊन चढलं. सत्यशीला पाण्याकडे बघत बसली होती. काही वेळानं तिनं काठीनं मधलं पाणी दाखवलं.

"तथी आमची चिंच होती. तिच्या अलीकडं घर. पाणी उतरलं की उन्हाळ्यात जोतं दिसते, असं भाऊ सांगते. मी काही पाह्यले आली नाही."

सुग्राबी उठून तिच्याजवळ येऊन बसली आणि त्या दिवसात पहिल्यांदाच काही बोलली नाही. वाऱ्यानं पाणी थरथरत होतं. 

आणि नेमका तेव्हाच दोरीला हिसका बसला. काठी पार वाकली. सत्यशीलेचे पाय चिखलात घसरत पाण्यात गेले, गुडघ्यापर्यंत, मांड्यांपर्यंत. "धर वं मले!" ती ओरडली. सुग्राबीनं तिला मागून कवटाळलं. दोन बाया, एक काठी आणि पलीकडं मरळ. बराच वेळ कोण कोणाला ओढतंय तेच समजेना. शेवटी मासा काठावर येऊन आदळला आणि गवतातून सापासारखा परत पाण्याकडे निघाला. बेडकाला भिणाऱ्या सुग्राबीनं डोक्याचं फडकं काढलं, त्याच्यावर टाकलं आणि वरून स्वतःच पालथी पडली.

"पकडली!" ती मातीत तोंड खुपसूनच ओरडली. "सत्या, हे मले चावन काय?"

बादली दोघींच्या मधे ठेवून त्या दिग्रसच्या बसमध्ये बसल्या. कंडक्टर आला.

"काय हाय याच्यात?"

"पाणी," सुग्राबी म्हणाली.

"मंग हालून काहून राह्यलं?"

"तुमची बसच तशी हाय."

एवढ्यात बस खड्ड्यातून गेली, झाकण उडालं आणि मरळ बाहेर. ती सीटांखालून सरपटत थेट पुढं निघाली. बसमधल्या माणसांचे पाय एका झटक्यात वर गेले. वामनराव नावाचे एक म्हातारे शाकाहारी गृहस्थ सीटवर मांडी घालून बसले आणि माशाला हात न लावता सगळ्यांना रस्ता दाखवू लागले. "डावीकडं! आता माह्या मेथीत घुसली! पिशवी उचला, पण मासा नाही, पिशवी!" ड्रायव्हरनं बस थांबवली. सत्यशीलेनं मेथीच्या जुडीतून मरळ गळ्याखाली धरून उचलली, तेव्हा अख्ख्या बसनं टाळ्या वाजवल्या. कंडक्टरनं बादलीचं तिकीट फाडायचा विचार सोडून दिला.

संध्याकाळी मंडपात काळा पडदा नव्हता. देवसिंगनं पाटी पुसून खडूनं लिहिलं: 'मरळ. राहणार अरुणावती.' सुग्राबी हटून बसली, म्हणून खाली दोघींची नावंही लिहिली. सकाळची माणसं आली आणि जाईनात. ज्यानं त्यानं आपापली मरळ सांगायला सुरुवात केली. प्रत्येकाची या पेटीतल्या मरळीहून हातभर लांबच होती.

सत्यशीला काचेपाशी उभी होती. एवढी वर्षं तिनं मरळ पाहिली ती गळावर नाहीतर तव्यावर. पाण्यात ती कशी राहते, हे पहिल्यांदाच दिसत होतं. बाजूचे पर सावकाश हलत होते, जणू कोणी झोपल्या लेकराला वारा घालतंय. मधेच मरळ वर येऊन हवेचा घोट घ्यायची आणि पुन्हा खाली जायची.

दुसऱ्या दिवशी थोडा कापूस आला, रेचे चालू झाले. जेवणाच्या सुट्टीत केसांत रुई अडकलेल्या चाळीस बाया मंडपात आल्या. देवसिंगनं आपली छडी सत्यशीलेच्या हातात दिली. सोन्यासारख्या माशांबद्दल विचारलं की ती सरळ म्हणायची, "मले नाही माहीत, याले इचारा." पण मरळीपुढं ती अर्धा तास बोलली.

शनिवारी देवसिंगनं पेट्या टेम्पोत चढवल्या. पुढचा मुक्काम नेर.

"हिले नेऊ का मावशी?" त्यानं विचारलं.

"रस्सा बी चांगला होते हिचा," सुग्राबी म्हणाली.

सत्यशीलेनं तिच्याकडं रागानं पाहिलं आणि पेटीवर हात ठेवला.

"ने. पण आयक. जित्ते झिंगे टाकजो, मेलेले खात नाही हे. झाकणावर दगड ठेव, लय उड्या मारते. आन् उन्हात ठेवू नको."

"थांबा, थांबा," देवसिंग म्हणाला. त्यानं खिशातून तिकीटबुक काढलं, उलटं केलं आणि टेम्पोच्या पत्र्यावर ठेवून लिहू लागला. "जित्ते झिंगे... मंग?"