दोरी सैल करायची राहिली

मित्रांनो, ही गोष्ट १९४३ सालची, पनवेलची. लढाई चालू होती. तांदूळ मिळेनासा झाला होता आणि बंदुकीची काडतुसे तर दृष्टीसही पडत नव्हती. काडतुसे मिळत असती तर मी जन्मालाच आले नसते.

मी एक जुनी आडवी कमान आहे. आडवी कमान म्हणजे काय, ते आधी सांगते. लाकडाच्या लांब दांड्यावर पोलादी धनुष्य आडवे बसवलेले असते. दोरी मागे ओढून खाचेत अडकवली की ती तिथेच ताणलेली राहते. दांड्याच्या खाली एक लांब चाप असतो. तो मुठीत दाबला की दोरी सुटते आणि बाण जातो. साधे धनुष्य ताणले की माणसाचा हात दुखतो, म्हणून तो ते फार वेळ धरून ठेवत नाही. माझे तसे नव्हते. मला कुणी ताणून विसरले, तरी मी ताणलेलीच राहत असे. माझ्यातले भय ते हेच.

मला मनासे मिस्त्रींनी घडवले. ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातले, लॉऱ्या दुरुस्त करणारे. पनवेलवरून घाटाकडे जाणारी नादुरुस्त गाडी त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे जात नसे. तरुणपणी मुंबईच्या कारखान्यात कुणा साहेबाची आडवी कमान दुरुस्तीला आली होती, ती त्यांच्या डोक्यात राहिली होती. त्यांनी मोडक्या लॉरीच्या स्प्रिंगचा पाटा धनुष्य म्हणून घेतला, सागाचा दांडा तासला आणि मोरा बंदरातल्या कोळ्यांकडून आणलेला दोर मेणात बुडवून मला जोडला. बाण घसरू नये म्हणून वर एक पितळी पट्टी बसवली. ती त्यांनी राखेने घासून लखलखीत केली होती.

हा सगळा खटाटोप त्यांच्या मित्रासाठी होता. जवळच्या विचुंबे गावचा गणू त्यांच्याकडे रोज दूध घालायचा. त्याचे भाताचे एकच शेत होते आणि रानडुकरे ते नासवत होती.

मिस्त्री मला कानशीने घासत, तेव्हा त्यांच्या पत्नी रेचलबाई बघत आणि म्हणत, “डुक्कर काही आपल्या ताटात येत नाही. जे खायचं नाही, ते मारायला एवढी खटपट?”

“आपल्या नाही गं. गणूच्या ताटात भात राहावा म्हणून.”

“आणि तुमच्या बोटांना काही झालं म्हणजे? हे घर त्या बोटांवर चालतंय.”

मिस्त्री हसत. रेचलबाई हसत नसत.

मित्रांनो, शिकारीचे हत्यार चालवण्याआधी ते वागवायचे कसे, हे शिकावे लागते. मिस्त्रींची त्याची रीत ठरलेली होती. पनवेलहून निघताना ते मला गोणपाटात गुंडाळून सायकलच्या दांडीला बांधत. गाढी नदी ओलांडताना दोन्ही हातांनी डोक्यावर धरत. बांधावर चालताना पट्ट्याने पाठीवर, तोंड जमिनीकडे. झुडपांतून जाताना तान्ह्या मुलासारखी कुशीत, म्हणजे फांदी चापाला लागत नाही. बाण वेगळ्या बांबूच्या नळीत, कमरेला. आणि चालताना माझी दोरी नेहमी सैल. जागेवर बसल्याशिवाय ते मला ताणत नसत आणि उठण्याआधी लोखंडी आकडा लावून दोरी हलकेच पुढे सोडत.

“ताणलेली कमान घेऊन चालू नये आणि खांद्यावर तर कधीच टाकू नये,” ते गणूला सांगत. “खांद्यावरची वस्तू कुणाकडे बघते ते आपल्याला दिसत नाही.”

“आमी काय दिवसभर खांद्यावरच वागवतो, मिस्त्री. नांगर हाय, टिकाव हाय,” गणू म्हणे. “त्यांनी कदी कुनाकडं बगितलं नाय.”

त्या पावसाळ्यात माझ्या बाणाने दोन डुकरे पडली. माझे फार कौतुक झाले. दसऱ्याला गणूच्या बायकोने, जनीने, मला झेंडूचे फूल वाहिले आणि मिस्त्रींना विचारले, “तुमी खात नाय, मंग डुकराला कसं कळायचं का तुमी त्याचे वैरी?”

“तू त्याला सांगू नकोस म्हणजे झालं,” मिस्त्री म्हणाले.

ते फूल माझ्या पाट्यावर सुकले तरी कुणी काढले नाही. ते गळून पडायच्या आतच तो शुक्रवार आला.

शुक्रवारी सूर्य मावळला की मिस्त्रींचा शब्बाथ लागे. मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काम नाही, विस्तव पेटवायचा नाही, गाडीत बसायचे नाही, हत्याराला हात लावायचा नाही. म्हणून शनिवारी सकाळी दूध घालायला आलेला गणूच त्यांची चूल पेटवून देत असे. त्या दिवशी मिस्त्रींचे हात जे करू शकत नसत, ते गणूचे हात करत. अनेक वर्षांची ती सवय होती. पुढे जे झाले ते या चांगल्या सवयीतूनच झाले.

त्या शुक्रवारी भर दुपारी गणू दारात उभा राहिला. “मिस्त्री, राती डुकरांनी अर्दं शेत उताणं केलं. आज नाय आलात तर उद्या पेंढाबी ऱ्हानार नाय.”

“अरे, आज शुक्रवार.”

“म्हाईत हाय. म्हनून तर आता आलो. दिस बुडायच्या आदी तुमाला घरी सोडतो.”

रेचलबाई दिव्यात तेल घालत होत्या. त्यांनी दारातल्या उन्हाकडे पाहिले आणि वात पुढे सारली.

आम्ही शेतावर पोचलो. अर्धे भात चिखलात लोळले होते, उरलेले अर्धे पिवळेधमक उभे होते. मिस्त्री बांधावरच्या आंब्याखाली बसले, आकडा लावून त्यांनी मला ताणले आणि बाण पट्टीखाली सरकवला. ऊन उतरू लागले. वारा पडला होता. ओढ्यापलीकडच्या गवतात काहीतरी हलत होते आणि थांबत होते.

सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला तेव्हा मिस्त्रींनी मला सैल करायला आकडा उचलला. तेवढ्यात गवत पुन्हा खसखसले.

“येतंय,” गणू कुजबुजला.

मिस्त्रींनी आकडा खाली ठेवला. क्षणभरच थांबू, असे त्यांना वाटले असावे. त्यांची नजर गवतावर होती. झाडांच्या लांब सावल्या माझ्या दांड्यावरून सरकल्या आणि मग सावल्याच उरल्या नाहीत. मिस्त्रींनी वळून पाहिले. आभाळ लाल होते. सूर्य नव्हता.

त्यांनी मला मांडीवरून गवतात ठेवले, जणू मी तापलेली होते.

“गणू, शब्बाथ लागला.”

“मंग आता?”

“आता मला हात लावता यायचा नाही. इथेच राहू दे. उद्या रात्री येऊन नेतो.”

“इथं? ताणलेली? सकाळी बाया गवताला येतात, मिस्त्री. कुनाचा पाय पडला म्हंजे?”

मिस्त्रींनी बांधावरच्या पायवाटेकडे पाहिले.

“मी घेतो की,” गणू म्हणाला. “तुमची चूल मी पेटवतो, मंग हिला उचलायला काय झालं?”

“बरं. पण आकड्याच्या वाटेला जाऊ नकोस, सवय नसेल तर बोटं जातील. नुसता बाण काढून घे. बाण नसला म्हणजे घात नाही.”

गणूने वाकून पितळी पट्टीवर बोटे ठेवली. त्याच वेळी भातातून डुकराचा दबका घुरका आला. गणूने मान वर केली आणि उभ्या पिकाकडे पाहिले. ते त्याच्या घराचे वर्षाचे अन्न होते.

“काढलास?” मिस्त्रींनी विचारले. शब्बाथला आपल्यासाठी होणारे काम पाहू नये म्हणून ते पाठ करून उभे होते.

“हां, काढला.”

मित्रांनो, त्याने बाण काढला नव्हता. वाटेत डुक्कर आडवे आले तर, एवढाच विचार त्याने केला. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

आणि मग त्याने मला खांद्यावर टाकले. माझा आकार पाहा: लांब दांडा आणि टोकाला आडवे लोखंड. आयुष्यभर टिकाव वागवलेल्या माणसाने मला टिकावासारखेच उचलले. दांड्याची मूठ त्याच्या हातात, पुढे, आणि जड लोखंड पाठीमागे. त्याच्या मुठीत दांड्याबरोबर चापही आला होता. माझे तोंड मागे वळले होते. मागून, अरुंद बांधावरून, मनासे मिस्त्री चालत होते.

गणूच्या प्रत्येक पावलाबरोबर बाणाचे टोक मिस्त्रींच्या छातीसमोर येई, मग गळ्यासमोर, मग पुन्हा छातीसमोर. अंधारून आले होते. त्यांना ते दिसत नव्हते.

“रेचल दिवा लावून बसली असेल,” ते म्हणाले. “आज माझी काही धडगत नाही.”

“मी येतो घरापर्यंत. वैनी मना नाय ओरडायच्या.”

“तुला नाही ओरडणार. तुझ्या वाटचंही मलाच ऐकावं लागेल.”

गणू हसला आणि त्याचा खांदा हलला. पश्चिमेचा शेवटचा उजेड पितळी पट्टीवर पडला आणि पट्टीखाली बाण चमकला. मिस्त्रींना तो दिसला.

“गणू, थांब! तो बाण—”

ते शब्बाथ विसरले. माझे तोंड बाजूला सारायला त्यांनी उजवा हात पुढे केला. हाकेने गणू दचकला, ओल्या बांधावर त्याचा पाय घसरला आणि तोल सावरताना त्याची मूठ आवळली गेली.

बाण मिस्त्रींच्या तळहातातून आरपार गेला.

गणूने मला चिखलात फेकले. “मिस्त्री, मी खोटं बोललो! काढला नव्हता मी, काढला नव्हता!”

“आधी बांध,” मिस्त्री म्हणाले. “हाताला काहीतरी बांध.”

गणूने डोक्याचे मुंडासे सोडले. त्याचा आक्रोश ऐकून जनी धावत आली. बैलगाडी जुंपली गेली. त्या संध्याकाळी मनासे मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदा शब्बाथला गाडीत बसले. शेतावर राखणीला कुणी उरले नाही. मी तिथेच चिखलात पडून होते, म्हणून पुढचे मी पाहिले. डुकरे सावकाश आली. त्यांना आता घाई नव्हती. माझ्या दांड्याला एकाने हुंगले आणि ते भातात शिरले. सकाळी जनीने मला उचलून घरी नेले तेव्हा तिथे एकही ओंबी उभी नव्हती.

पनवेलला काय झाले ते जनीच्या तोंडून अनेकदा ऐकले. शुक्रवारी संध्याकाळी दारात गाडी थांबलेली पाहताच रेचलबाई समजल्या. त्यांनी एवढेच विचारले, “कुठला हात?”

“उजवा,” गणू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणू दुधाची चरवी घेऊन त्यांच्या दाराबाहेर उभा राहिला. आत जायचे धाडस होईना. बराच वेळ गेला. मग आतून रेचलबाईंचा आवाज आला, “आत ये. चूल कोण पेटवणार?”

तो चुलीपुढे बसून रडू लागला तेव्हा अंथरुणावरून मिस्त्री म्हणाले, “दोरी मी ताणली होती, गणू. ती सैल करणं माझं काम होतं. सूर्य काही माझ्यासाठी थांबणार नव्हता.”

जखम भरली, पण मिस्त्रींची बोटे पुन्हा वळली नाहीत. पाना धरणे गेले. ते खुर्चीवर बसून दुसऱ्यांना काम सांगू लागले. नंतर एका मोटार कंपनीत सामानाच्या कोठारावर देखरेखीला लागले. रेचलबाई घरी शिवणकाम करू लागल्या. मला कुणी दोष दिला नाही, पण कुणी हातातही घेतले नाही. १९५२ साली ती दोघे आगबोटीने इस्रायलला गेली. जाण्याआधी मिस्त्री विचुंब्याला आले, डाव्या हाताने माझी दोरी कापली आणि मला कायमचे गणूच्या स्वाधीन केले. तिकडे सहा वर्षांनी ते वारले. रेचलबाईंची खुशाली अजून दिवाळीच्या सुमारास येते.

गणू त्यानंतर टिकाव, नांगर काहीही खांद्यावर घेण्याआधी मागे वळून पाही. रिकाम्या शेतातही पाही. मिस्त्री इस्रायलला गेल्यावरही शनिवारी सकाळी तो पनवेलला जाऊन त्यांच्या बंद दारापाशी थोडा वेळ बसून येई. १९६१ च्या हिवाळ्यात तो गेला. जनी आता एकटीच आहे. मी तिच्या माळ्यावर टांगलेली आहे आणि माझ्या पाट्याला ती कांद्याच्या माळा बांधते.

मित्रांनो, दोरी कापूनही इतकी वर्षे झाली, तरी माझा पाटा पहिल्यासारखा सरळ झालेला नाही. त्या संध्याकाळचा बाक त्यात थोडासा राहिला आहे. तुमच्याही हाती कधी काही ताणलेले येईल. ज्याने ताणले त्यानेच, उजेड आहे तोवर, ते सैल करावे. दुसऱ्याच्या खांद्यावर देऊ नये. आणि खांद्यावर काही घेण्याची वेळ आलीच, तर निघण्याआधी एकदा मागे वळून पाहा. तुमच्या मागून तुमचा मित्र चालत असेल.