नवरदेव घरपोच

वरातीत फुटलेली डोकी शिवण्यात नलिनी सिस्टरची अर्धी नोकरी गेली होती. दवाखान्यातून रिटायर झाल्यावर तिने ठरवलं, आता डोकं फुटायच्या आधीच गाठायचं. सौंसरच्या चर्चमधल्या चार बाया तिने गोळा केल्या, गळ्यात पिवळे दुपट्टे घातले, आणि लिंबूपाण्याचे माठ नि गरम धिरडी घेऊन ही फौज गणपती, गरबा, थर्टी फर्स्ट, जिथे पोरं बेभान होतील तिथे उभी राहू लागली. नियम दोनच. झिंगलेल्याशी वाद घालायचा नाही, तो म्हणेल त्याला हो म्हणायचं. आणि त्याला घरी नेऊन थेट आईच्या हाती द्यायचं.

लग्नात मात्र त्यांना कोणी बोलावत नसे. आपल्या वरातीत पोरं पितात हे आपणच कशाला कबूल करा? शेवटी प्राजक्ताने बोलावलं, तेही स्वतःच्याच लग्नात. गेल्या वर्षी तिचा भाऊ एका वरातीतून परतताना मोटरसायकलसकट नाल्यात गेला होता आणि अजून लंगडत होता. तिचे वडील दत्तात्रय मास्तर कुरकुरतच तयार झाले.

"एक सांगून ठेवतो, सिस्टर," ते म्हणाले. "काही गडबड झाली, तं सौंसरात कोण्याच लग्नात हा पिवळा दुपट्टा पुन्हा दिसणार नाही."

मास्तरांनी निम्मं गाव छडीखालून काढलेलं. त्यांचा शब्द म्हणजे गावाचा शब्द. नलिनीने हो म्हटलं खरं, पण लग्नाची दारं बंद झाली तर तिच्या फौजेला उरलं काय?

लोधीखेड्याहून वरात आली ती मे महिन्याच्या भर उन्हात. पुढे डीजेची गाडी, मागे घोडी, घोडीवर सेहऱ्याने तोंड झाकलेला नवरदेव, आणि मधे अशी नाचणारी पोरं की जमिनीला धाप लागावी. नलिनीचेही पाय नकळत ठेका धरायला लागले. तेवढ्यात साध्या कुडत्यातला एक पोरगा गरगर फिरला आणि डीजेच्या चाकापाशीच त्याने बसकण मारली. गाडी हळूहळू पुढे सरकतच होती. नलिनीने झेप घेतली आणि कॉलर धरून त्याला बाहेर ओढला. त्याचे दोस्त आपल्याच नादात, कोणाचं लक्ष नाही. दारूचा वास येत नव्हता, पण हल्लीच्या पोरांचं काय सांगावं!

तिने त्याला चर्चच्या व्हॅनमध्ये घातलं. गाडी चालवायला नत्थूजी, चर्चमधले सगळ्यांत सावकाश गृहस्थ.

"मले सोडा जी," पोरगा पुटपुटला. "माह्यं लगन आहे आज."

"हाव बेटा, तुह्यंच आहे," नलिनी नियमाप्रमाणे म्हणाली.

"नवरदेव आहो मी!"

"हाव. आन् घोडीवर कोण बसला मंग?"

"तो माहा दोस्त मंगेश होय. मले नाचाचं होतं, म्हणून त्याले बसवला."

"हाव, मंगेशच होय. घर कुठं आहे तुह्यं?"

"लोधीखेड्याले. पण सासरे मारतीन मले!"

"नाही मारत. सांगीन मी त्याह्यले." आणि तिने नत्थूजींना डोळा मारला. इतका गोड झिंगलेला तिने आजवर पाहिला नव्हता.

संत्र्याचे बगीचे लागले तेव्हा तिने त्याच्या हाती धिरडं दिलं. त्याने ते दोन घासांत संपवलं, दुसरंही संपवलं, आणि त्याचे डोळे लख्ख उघडले. नाडी पाहावी म्हणून नलिनीने त्याची बाही वर केली. बोटांना आधी लागलं ते हळकुंड! पिवळ्या दोऱ्यात, मनगटाला घट्ट बांधलेलं. असं काकण वरातीत एकाच माणसाच्या हाती असतं.

"सकाळपासून काही खाल्लं नाही तू?"

"उपास नाही का जी, लगन लागेपर्यंत!"

"प्रभू येशू! म्हणजे तू खरंच नवरदेव आहे?"

"तेच तं सांगून राहिलो मघापासून! तुम्हीच नुसत्या हाव हाव करून राहिल्या!"

त्याचा मोबाइल शेरवानीत आणि शेरवानी मंगेशच्या अंगात. प्राजक्ताचा फोन वाजत होता, उचलत कोणी नव्हतं. नलिनी डोळे मिटून प्रार्थना करू लागली आणि उघडून पाहते तर नत्थूजींनी गाडी मागे वळवून अशी उडवलेली की आता प्रार्थना दुसऱ्याच कारणासाठी करावी लागली.

मंडपात मंगेशची गत काय वर्णावी! दारातच गुपचूप अदलाबदल करायचा बेत होता, पण सुवासिनींनी ओवाळून त्याला सरळ पाटावर नेलं. लहानपणी सौंसरच्या शाळेत मास्तरांच्या छड्या खाल्लेला तो, त्यांच्यासमोर त्याची वाचाच बसली. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली.

नलिनी खऱ्या नवरदेवाला, तुषारला, ओढत आत शिरली तेव्हा प्राजक्ता अंतरपाटाखालून वाकून पाहत होती.

"बाबा, हे पाय तुषारचे नाहीत!"

"चूप! मुहूर्त टळून राहिला!"

"थांबा!" नलिनी ओरडली. सगळा मंडप वळला. आता काय बोलावं हे सुचेना, तेव्हा सवयीने ती वरमायपाशी गेली. "ताई, हा तुमचा पोरगा. सुखरूप आहे. दोन धिरडी खाल्ली त्यानं."

वरमायने पोराकडे पाहिलं, मग पाटाकडे. मंगेशने सेहरा वर केला आणि कसनुसं हसला.

मास्तर लालबुंद होऊन पुढे आले. नलिनीने दुपट्टा काढला आणि घडी करून खुर्चीवर ठेवला. तिला रडू येत होतं. "चूक माहीच, भाऊ. पोरगा खरं बोलत होता, मीच ऐकलं नाही."

"मास्तर," तुषार म्हणाला, "मी डीजेच्या चाकाखाली चाललो होतो. ह्याइनं कॉलर धरली नसती, तं आज मंगेशच तुमचा जावई झाला असता."

पहिलं हसू अंतरपाटाआडून फुटलं. मग मंडपच हसत सुटला, अक्षता नको तेव्हा उडाल्या, आणि अस्सल नवरदेव पाटावर चढला. हसले नाहीत ते फक्त मास्तर.

लग्न लागलं, कन्यादान झालं. मास्तर उठले आणि जागीच डोलले, कारण त्यांचाही उपास होताच. मागून कोणीतरी त्यांची कॉलर धरली, खुर्चीवर बसवलं, हाती धिरडं दिलं.

"माह्या पोरीचं लगन आहे आज," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले.

"हाव भाऊ," नलिनी म्हणाली. "खरंच आहे."

मास्तरांनी धिरडं निमूटपणे संपवलं. मग शेजारी पडलेला घडीचा दुपट्टा उचलून तिच्या हाती दिला.

"घाला गळ्यात. माघात धाकट्या पोरीचं लगन आहे. यावंच लागते तुम्हाले." आणि घाईघाईने म्हणाले, "पण मले घरी नका नेऊ, सिस्टर. अजून पंगत बाकी आहे."