तुरुंगातून आलेले उघडे कार्ड

मी एक जुने जवाबी कार्ड आहे. मित्रांनो, तुम्ही मला कदाचित पाहिलेही नसेल. पूर्वी पोस्टात दोन कार्डे एकमेकांना जोडलेली मिळत. एकावर आपण लिहायचे आणि दुसरे कोरेच सोबत पाठवायचे. पत्र मिळालेल्या माणसाने ते कोरे कार्ड फाडून उत्तर लिहायचे. त्याला तिकीट लागत नसे. ते उत्तराचे कार्ड म्हणजे मी.

उदगीरजवळच्या एका खेड्यात साखराबाईने मला विकत घेतले. तिचा नवरा अण्णाराव औरंगाबादच्या तुरुंगात होता. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीवर पाण्यावरून मारामारी झाली, त्याची काठी एकाच्या डोक्यात बसली आणि तो माणूस मेला. अण्णारावाला जन्मठेप झाली. त्यांची मुलगी सिंधू तेव्हा आठ वर्षांची होती.

भेटीला जायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि वर तीन दिवसांची मजुरी बुडायची. दहा वर्षांत साखराबाई दोनदाच जाऊ शकली. बंद पत्र महाग पडे, आणि अण्णारावाला उत्तरासाठी तिकीट कुठून मिळणार? म्हणून माझ्यासारखी कार्डेच जात-येत राहिली.

माझ्या वेळी लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता आणि सिंधूचे लग्न ठरले होते. मुलगा कंधारकडचा. त्यांना सांगितले होते, की मुलीचा बाप हैदराबादेत कामाला आहे.

सिंधू लिहायला बसली. साखराबाई म्हणाली, "लिही, लग्नाला येऊ नका म्हनावं. पावन्यायला ठावं न्हाई."

"आई, हे उघडं कार्ड हाय. महादेवप्पा वाचतेत सगळं."

महादेवप्पा किराणा दुकानदार. गावचे पोस्ट त्याच्याच दुकानात होते. सिंधूने ते वाक्य लिहिलेच नाही. 'लग्न ठरले आहे, आशीर्वाद द्यावा,' एवढे लिहून, आता पत्त्यात जिल्हा लातूर घालावा असेही तिने कळवले.

तुरुंगात अण्णारावाने मला हळूच फाडून वेगळे केले. याआधी त्याची पत्रे दुसरे कैदी लिहून देत. या वेळी त्याने पेन्सिल स्वतः धरली. तो इतका दाबून लिहीत होता, की अक्षरे माझ्या पाठीवर उमटली.

'सिंधूस आशिर्वाद. हे मी माझ्या हातानी लिवलं. हितल्या शाळेत शिकलो. लग्नासाठी सुट्टी भेटली. मी येतो. संगं पोलीस आसल, भिऊ नको.'

मला फार अभिमान वाटला. शिक्का घेऊन मी निघाले.

मी गावात पोचले त्या दिवशी नवऱ्या मुलाचे मामा भुजंगराव याद्या करायला आले होते. सुपारी घ्यायला ते दुकानात थांबले. महादेवप्पाने मला उचलले आणि हसून म्हणाला, "बघा, तुरुंगातल्यालाबी नवा जिल्हा ठावं झाला!" मग त्याने मला मोठ्याने वाचले. 'संगं पोलीस आसल' हे त्याने दोनदा वाचले.

"कुनाची सिंधू ही?" भुजंगरावांनी विचारले.

महादेवप्पाने घर दाखवले. भुजंगराव त्या घरी गेलेच नाहीत. तसेच मोटार स्टँडवर गेले. लग्न मोडले.

सिंधूने मला वाचले तेव्हा ती बापाच्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. साखराबाई म्हणाली, "त्यायला काई कळवू नको." सिंधूने लिहिले, 'लग्न पुढे ढकलले, सुट्टी रद्द करा.' त्यानंतर त्यांनी जवाबी कार्ड कधी घेतले नाही. वर्षातून दोन बंद पत्रे जात. उत्तर क्वचितच येई.

पुढे सिंधूला एका बिजवराच्या घरी दिले. अण्णाराव सुटून आला तेव्हा केस पिकले होते. लेकीच्या घरी जाऊन त्याने विचारले, "माय, म्या माझ्या हातानं कार्ड लिवलं व्हतं. पोचलं न्हाई का?"

सिंधू म्हणाली, "न्हाई, बा. टपालात हरवलं आसंल."

मी तिच्या पेटीत, पातळाच्या घडीखाली ते ऐकत होते.

मित्रांनो, मी वेळेवर पोचले होते. माझ्यावर पत्ता साखराबाईचा होता. दुसऱ्याचे कार्ड हाती आले तर फक्त पत्ता वाचा आणि ज्याचे आहे त्याला नेऊन द्या. लिहिणाऱ्याकडे मजकूर झाकायला पैसे नव्हते, एवढेच.