उत्तरेकडची भिंत

महिपतने छिन्नीवर हातोडा घातला आणि सिमेंटचा गिलावा निघाला तो जांभ्याचा बोटभर थर सोबत घेऊनच. उरलेल्या दगडात त्याने अंगठा दाबला. भिजल्या बिस्किटासारखा तो आत खचला.

"काका, हळू," शिडीखालून मनस्वी म्हणाली. कॉलेजची ही शंभर वर्षांची इमारत मूळ रूपात आणायचं काम तिच्याकडे होतं. "सिमेंटनं आतली ओल कोंडली. चांगला चुना काढून हे लावायचं कुणाला सुचलं, देव जाणे!"

सुचलं होतं ठेकेदाराला, पण चाळीस वर्षांपूर्वी लावणारे हात महिपतचेच होते. घट्ट माल, घोटून घोटून गुळगुळीत केलेला. पालीहून माणसं बघायला यायची. आता अडुसष्टाव्या वर्षी तेच फोडायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची? खांदे भरून आले होते, आणि खांद्यांपेक्षा मन जास्त थकलं होतं.

दुपारी ते उत्तरेकडच्या भिंतीशी आले. इथे छिन्नीची गरजच पडली नाही. हाताने ढकलताच पापुद्रे गळून पडले, आणि आत कोरडा, लालबुंद, टणक जांभा.

मनस्वी शिडी चढून आली. तिने चुरा बोटांत चोळला.

"नुसती वाळू! सिमेंट नावापुरतं. म्हणून ओल बाहेर पडत राहिली, दगड वाचला. हा गवंडी कोण होता हो? अहवालात नाव लिहीन."

महिपतला चांगलं आठवत होतं. भिवा. कामात अंगचोर, गप्पांत पटाईत. "ह्येच्या हातनं कोंबड्यांचा खुराडासुदा बांधून घेव नका," असं महिपत ठेकेदारासमोर, चारचौघांत म्हणाला होता. ठेकेदाराने भिवाला काढून टाकलं. त्याने थापी तिथेच ठेवली, मुंबई गाठली आणि पुन्हा गवंडीकाम म्हणून केलं नाही.

"भिवा," महिपत म्हणाला. "आमच्या पालीचाच. आता गावातच आसतो."

"मग उद्या घेऊन या ना त्यांना."

महिपतने शिडीचा दांडा धरला.

"माज्यासंगती यायचा नाय तो. ह्याच भिंतीपायी मी त्येला कामावरनं काढवला."

मनस्वीने वही उघडली. महिपतने तिकडे बोट दाखवलं.

"त्येचा नाव लिवा. आनि बाकीच्या तीन भिंतींपुढं माजा. त्या माज्या हातच्या."

"तशी गरज नाही, काका."

"हाय," महिपत म्हणाला. "अहवाल त्येच्या घरी धाडा. भिवाला वाचता येता."