सिलोनची शाखा

यशवंतरावानं सिलोनचं नाव काढल्यापासून भिमाजीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. भाकरीचा तुकडा तोंडात नुसता फिरायचा. त्याची बायको सरूबाई ताटाकडे बघून म्हणायची, "घालू का ते कुत्र्याला?"

भिमाजी आणि यशवंतराव चिंचवडच्या एकाच कारखान्यात, एकाच शिफ्टला होते. यशवंतराव वाकडचा, जुन्या शेतकरी घरातला. मुंबईच्या रस्त्याला लागून त्याची पडीक जागा होती. भिमाजी पिंपरीच्या बौद्धवाड्यातला. एकदा युनियनच्या सहलीत दोघांनी गोऱ्या हिप्प्यांची गाडी पाहिली. आत गाद्या, शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. यशवंतराव तिथंच रस्त्यावर उभा राहून म्हणाला, "भिमा, हे भाड्यानं द्यायचं राव! लॉजचा खर्च न्हाई, बाईमाणसांची आबाळ न्हाई."

भिमाजीनं नोकरीचा राजीनामा दिला. फंड, ग्रॅच्युइटी, जे हाताला आलं ते सगळं यात ओतलं. जागा यशवंतरावाची, पैसा दोघांचा, भागी निम्मी-निम्मी. तीन मॅटॅडोर घेतल्या आणि आत बिऱ्हाड बसवलं. लोक त्यांना बिऱ्हाडगाड्या म्हणायला लागले. मुंबईची कुटुंबं त्यातून देवाला जायची, गोरे गोव्याला जायचे. आणीबाणी उठल्यानंतरचं वर्ष-दीड वर्ष होतं ते. लोकांना फिरायची हौस आली होती. धंदा चालला.

आणि मग अण्णासाहेब आले.

अण्णासाहेब म्हणजे यशवंतरावाचे मेहुणे, पिंपळे सौदागरचे. जमीन विकून पैसा आलेला आणि तो कुठं घालावा या विवंचनेत असलेला माणूस. तुळजापूरला घरची मंडळी न्यायला गाडी ठरवायची आणि जमलं तर कंपनीत पैसाही घालायचा, अशा बेतानं ते रविवारी गाडी बघायला आले. सरूबाई आत बसून पडद्यांना दोरी घालत होती. नवी शेगडी पेटते का बघायला तिनं चहा टाकला होता, तो त्यांनाही दिला.

"वा! चहा झकास," अण्णासाहेब म्हणाले. "कुठल्या म्हणायच्या तुम्ही? आडनाव काय?"

सरूबाईनं सांगितलं. लपवायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. लपवायला तिनं काही चोरलं नव्हतं.

अण्णासाहेबांनी कप खाली ठेवला. अर्धा भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी भिमाजी आवारात आला तर त्या गाडीतल्या गाद्या कुंपणावर उन्हात पडलेल्या. शेगडी बदललेली. आतली फळी ओली आणि वास गोमूत्राचा. यशवंतराव हातात तांब्या घेऊन खाली उतरत होता.

"झुरळं झालती," तो म्हणाला.

भिमाजी तेव्हाच बोलला नाही, ही त्याची चूक. पण धंद्यात गुंतलेला पैसा माणसाची जीभ धरतो. संध्याकाळी यशवंतराव त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "भिमा, परदेशात शाखा काढायची. सिलोनला. अण्णासाहेब पैसा घालत्यात. जुन्या दोन गाड्या बोटीत चढवायच्या, तू जायचं. मॅनेजर! तुमच्या बुद्धाचाच देश हाय राव, मानानं ठेवतील तुला."

तेव्हापासून घास अडकला होता.

गेलो तर काय? ना भाषा, ना ओळख. दोन खटारा गाड्या घेऊन समुद्रापलीकडे बसायचं, आणि इथली निम्मी भागी हळूहळू नुसती म्हणायला उरणार. नाही गेलो तर काय? अण्णासाहेबांचा पैसा येणार नाही, आणि उद्या यशवंतरावानं फाटकाला कुलूप घातलं तर जागा त्याची आहे. पंचेचाळिशीच्या माणसाला कुठला कारखाना गेटावर उभं राहू देतो? भिमाजी रात्री उठून पाणी प्यायचा आणि पुन्हा पडायचा.

"जाऊ की," सरूबाई म्हणाली. "तिथं निदान चहा तरी पुरा पितील."

"मग फंड हितं कशाला घातला गं? आधीच सिलोनला घातला असता."

"माझ्यावर कशाला वरडताय? तांब्या मी घेतलता व्हय?"

तुळजापूरला निघायच्या दिवशी अण्णासाहेबांची मंडळी आवारात येऊन उभी राहिली. बायको शालनबाई, म्हातारी आई अंबुबाई, वळकट्या, डबे, देवीची ओटी. अण्णासाहेब पत्र्याच्या ऑफिसात येऊन खुर्चीवर बसले आणि भिमाजीला म्हणाले, "काय मॅनेजर, पासपोर्टचं बघताय ना? लवकर उरका."

यशवंतराव म्हणाला, "भिमा, जरा मागं जाऊन गाडीचं पाणी बघ."

आता भिमाजीच्या ध्यानात आलं. गिऱ्हाईक आलं की त्याला रोज मागं पाणी बघायला जावं लागायचं. रोज जायचा, आणि पाणी रोज भरलेलंच असायचं. सिलोन म्हणजे तेच होतं; फक्त मागची बाजू जरा लांब होती.

तो उठला नाही.

"त्या दिवशी झुरळं न्हवती, यशवंतराव," तो म्हणाला. "माझी बायको होती."

"हळू बोल," यशवंतराव म्हणाला. "पाव्हणे बसल्यात. आन मी मानतो का? तुझ्या घरी जेवलोय मी. वैनींच्या हातचं मटण खाल्लंय."

"अंधार पडल्यावर जेवलास. दिवसा कधी आलास?"

"गिऱ्हाईक मानतं, भिमा. मी न्हाई मानत. धंदा हाय ह्यो."

"गोव्याच्या वाटंला गोऱ्यांनी ह्याच गाडीत गाईचं मटण शिजवलं. आठवडाभर वास जात न्हवता. तवा कुठं होता तुझा तांब्या?"

"ते परदेशी! त्यांची गोष्ट येगळी."

"मग मलाबी परदेशी करून टाकायचं, म्हणून सिलोन. व्हय ना?"

दारात उभ्या शालनबाईंनी पदर तोंडाला लावला. "अगं बाई! गाईचं? ह्या गाडीत?"

अण्णासाहेब उठले. "काय ऐकतोय मी, यशवंतराव? आणि त्यात आम्ही ओटी ठेवायची?"

भिमाजीला वाटलं, आता संपलं. भाडं गेलं, पैसा गेला, कंपनी गेली. आणि बाहेरून म्हातारी अंबुबाई ओरडली, "गोमूत्र शिंपडलंय न्हवं?"

"व्हय, आत्याबाई," यशवंतराव घाईनं म्हणाला. "दोनदा."

"मग झालं की! माजं गुडघं एष्टीत ऱ्हात न्हाईत. चढा मुकाट." आणि ती कठड्याला धरून कण्हत-कुथत चढली आणि गादीवर आडवी झाली. बाकीच्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि डबे उचलले.

खरं बोललो की आभाळ फाटेल, असं भिमाजीला वाटलं होतं. काही फाटलं नाही. गाय, गोरे, सरूबाई, सगळं एकाच तांब्यात धुऊन निघालं आणि म्हातारी त्यावर पाय पसरून झोपली. शिवी बसली असती तर इतकं झोंबलं नसतं.

अण्णासाहेबांनी राहिलेलं भाडं टेबलावर ठेवलं, भिमाजीच्या हातात नाही. जाता जाता यशवंतरावाला म्हणाले, "सिलोनचं माझ्याकडून धरू नका. ज्या कंपनीत भागीदार गिऱ्हाइकासमोर असा बोलतो, तिथं माझा पैसा नको." गाडी धूळ उडवत हमरस्त्याला लागली.

यशवंतराव भिमाजीकडे वळला. "बुडवलंस," तो म्हणाला. "चालून आलेला पैसा. परदेशात नाव लागलं असतं आपलं."

"माझं आधी हितं लागू दे. शाखा काढायची तर तू जा. तुला तिथं कुणी काय इचारणार न्हाई. मी हितं गिऱ्हाईक बघतो."

"तुझं तोंड बघून गिऱ्हाईक आलं न्हाई तर?"

"तर निम्मं तू बुडशील, निम्मं मी. भागी तशीच हाय आपली."

यशवंतरावानं डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. हसू आलं की काय, ते त्यानं मान वळवल्यामुळं दिसलं नाही. स्कूटरला किक मारता मारता तो म्हणाला, "उद्या सकाळी मुंबईची पार्टी येणार हाय. वाणी लोक हायत. लई चिकित्सा करत्यात."

हा समेट होता की नोटीस, ते भिमाजीला कळेना. कारखान्याची नोकरी सुटली होती, फंड गाड्यांच्या चाकांत गेला होता, आणि उद्याच्या वाण्याचं तोंड त्यानं अजून पाहिलंही नव्हतं.

"येऊ देत," तो म्हणाला. "मी आधीच येऊन हापिसात बसतो."